खुबा निखळला? घड्याळाकडे बघा!

आई-बाबांच्या नव्या कोऱ्या खुब्याचा बॉल वाटीतून निसटला, तर तो परत बसवायला डॉक्टरांना लागतात जेमतेम काही मिनिटं. मग पेशंट तासन् तास स्ट्रेचरवर का पडून राहतो? आणि हे तास वाचवणं तुमच्या हातात किती?

मंगळवारची दुपार. तुम्ही मीटिंगमध्ये, मोबाईल सायलेंटवर. बाहेर येऊन बघता तर घरून सात मिस्ड कॉल्स! बाबा खाली पडलेला पेपर उचलायला सोफ्यावरून वाकले, खुब्यात ‘कट्’ असं काहीतरी झालं आणि आता त्यांना पाय हलवताच येत नाही. ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय. कालपर्यंत तर वॉकर सोडायच्या गप्पा चालल्या होत्या!

अशा वेळी डोक्यात पहिला विचार येतो, ‘संपलं, आता परत ऑपरेशन.’ तर थांबा. बहुतेक वेळा परत ऑपरेशन लागत नाही. सांधा निखळलेला असतो आणि तो कापाकापी न करता, नुसता ओढून-वळवून जागेवर बसवता येतो. काम मिनिटांचं आहे. पण त्या मिनिटांपर्यंत पोहोचायला आपल्याकडे किती वेळ लागतो, खरा प्रश्न तो आहे.

सासू-सासरे, मावशी, शेजारचे काका... आपल्या आजूबाजूला ‘रिप्लेसमेंट झालेली’ मंडळी आता भरपूर आहेत. त्यामुळे हा लेख ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून पुढे ढकलू नका. आणि हो, खुबा बदलणं हे काही फक्त साठीनंतरचं प्रकरण नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबून त्याचा गोळा झिजणं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘एव्हीएन’, हे आपल्या देशात खुबा बदलण्याचं एक मोठं कारण आहे. स्टेरॉईड्स आणि दारू ही त्यामागची नेहमीची कारणं. हा आजार तिशी-चाळिशीतल्यांनाही गाठतो. म्हणजे पेशंट तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही बसलेला असू शकतो!

गुडघा फेमस, खुबा मागे

आपल्याकडे सांधेबदल म्हटलं की गुडघाच आठवतो. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला गेला, डॉ. चित्तरंजन राणावत अमेरिकेहून आले, आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घराघरांत पोहोचला. खुब्याला एवढं ग्लॅमर कधी मिळालं नाही. पण सांधेबदलाच्या शास्त्राचा खरा हिरो खुबाच! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने २००७ मध्ये एक लेख छापला, त्यात या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटलं होतं.

आजच्या पद्धतीचं श्रेय जातं इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलच्या जॉन चार्नली यांना. १९६२ मध्ये त्यांनी धातूचा छोटा गोळा आणि खास प्लास्टिकची वाटी अशी जोडी वापरायला सुरुवात केली. आजही मूळ कल्पना तीच आहे. मांडीच्या हाडात एक दांडा बसवतात, त्याच्या टोकावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो. कमरेच्या हाडात वाटी बसवतात, आत प्लास्टिकचं अस्तर. गोळा वाटीत फिरतो आणि आजोबा पुन्हा नातवामागे धावू लागतात.

गंमत अशी, की चार्नलींचा गोळा होता फक्त २२ मिलिमीटरच्या आसपास. गोळा लहान तर झीज कमी, पण वाटीतून बाहेर पडायला त्याला अंतरही कमी लागतं. प्लास्टिक सुधारलं तसे गोळे मोठे झाले. आता ३२ आणि ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरतात. मोठा गोळा वाटीच्या कडेवरून सहजासहजी उडी मारत नाही. तरीही मारतो कधी कधी!

कधी निसटतो?

पहिल्यांदाच खुबा बदललेल्या शंभर पेशंटांमध्ये साधारण एक ते तीन जणांचा सांधा कधी ना कधी निखळतो. दुसऱ्यांदा बदललेल्या खुब्यात हे प्रमाण बरंच वाढतं. धोक्याचा काळ म्हणजे पहिले तीन महिने. ऑपरेशनसाठी उघडलेले स्नायू आणि सांध्याभोवतालचं आवरण अजून भरून आलेलं नसतं. गोळ्याला जागेवर धरून ठेवणारी ही सगळी दोरखंडं तेव्हा सैल असतात.

बहुतेक वेळा गोळा मागच्या बाजूला निसटतो. त्याला कारण होतं ते एका ठरावीक हालचालीचं. खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकला, गुडघा दुसऱ्या पायाकडे गेला आणि पाऊल बाहेर फिरून मांडी आत वळली, की झालं! आता ही हालचाल आपल्या रोजच्या जगण्यात कुठे कुठे येते बघा. खोल रुतणारा सोफा. बुटका दिवाण. पायावर पाय टाकून बसणं. चप्पल घालताना वाकणं. पाटावर बसून पूजा. आणि गणपतीला कोकणात गावी गेल्यावर घरामागचा भारतीय पद्धतीचा संडास! पाश्चात्त्य पेशंटला ‘मांडी घालू नका’ हे सांगावंच लागत नाही. आपल्याकडे ती सवय मोडायची असते.

ऑपरेशन सांध्याच्या पुढून केलं की मागून, यावर पथ्यं बदलतात. त्यामुळे शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरा, तुमच्या सर्जननी काय सांगितलं ते पाळा. कमरेच्या मणक्यांचं ऑपरेशन होऊन ते जोडलेले असतील, स्मृतिभ्रंश असेल, पार्किन्सन्ससारखा आजार असेल, तर धोका आणखी वाढतो. अशा घरात जरा जास्तच जागरूक राहा.

ओळखायचं कसं?

लक्षणं सहसा लपत नाहीत. अचानक जोराची कळ. पायावर भार देता येत नाही. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि बहुतेक वेळा आत वळलेला असतो. गोळा पुढे निसटला असेल तर पाय बाहेर वळतो. पण हाड मोडलं तरी पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, त्यामुळे नुसतं बघून निदान करायच्या भानगडीत पडू नका. एक्स-रे हवाच.

आणखी एक गोष्ट. खुब्याच्या मागून ‘सायटिक’ नावाची जाडजूड नस जाते. मागे सरकलेला गोळा तिच्यावर दाब देऊ शकतो किंवा तिला ताणू शकतो. पेशंटला पायाचं पाऊल आणि अंगठा वर उचलता येतोय का, पावलाला बधिरपणा आलाय का, हे बघा. आलं असेल तर हॉस्पिटलमध्ये पोहोचताच पहिलं वाक्य हेच सांगा.

इथेच घड्याळ महत्त्वाचं ठरतं. नैसर्गिक खुबा अपघातात निखळला तर डॉक्टर सहा तासांच्या आत बसवायची धडपड करतात, कारण उशीर झाला तर हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कायमचा जाऊ शकतो. बदललेल्या खुब्यात गोळा धातूचा, त्याला कसला रक्तपुरवठा? म्हणून कधी कधी हॉस्पिटलमध्ये हा पेशंट ‘स्टेबल आहे, थांबू शकतो’ या यादीत जातो. पण थांबण्याची किंमत असते. वेदना असह्य असतात. सांध्याभोवतीचे स्नायू आखडत जातात, सूज वाढते, आणि सांधा बसवणं अवघड होत जातं. नसेवरचा दाब चालूच राहतो. आणि सत्तरीतला माणूस उपाशीपोटी, न हलता, कडक स्ट्रेचरवर दहा तास पडून राहिला, तर त्याचं होणारं नुकसान एक्स-रेमध्ये दिसत नाही, इतकंच.

मिनिटांचं काम, तासांची रांग

मग हे तास जातात कुठे? एकेक टप्पा मोजून बघा.

घरी अर्धा-पाऊण तास ‘जरा तेल लावून बघू’, ‘उठून बसतात का बघू’ यात जातो. अॅम्ब्युलन्स येते, पण सोसायटीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. पहिल्या हॉस्पिटलमध्ये समजतं की रात्री ऑर्थोपेडिक डॉक्टर नाहीत, ‘दुसरीकडे न्या’. दुसरीकडे कॅज्युअल्टीत नाव, मग एक्स-रेची रांग. एक्स-रे बघून ठरतं की भूल देऊन बसवायचा. मग भूलतज्ज्ञांना फोन. ते म्हणतात, ‘दुपारी जेवलेत? मग सहा तास थांबा.’ तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये सिझेरियन आलेलं असतं, मग एखादा अपघात, मग फुटलेलं अपेंडिक्स. जिवावरच्या केसेस आधी जाणार, आणि जायलाच हव्यात. खुब्याचा पेशंट यादीत खाली खाली सरकत जातो. मधेच डिपॉझिट आणि कॅशलेसचे कागद. उजाडतं तेव्हा कुठे नंबर लागतो. आणि आत गेल्यावर? पाच-दहा मिनिटांत सांधा जागेवर!

यात कुणी एक व्हिलन नाही. रांगेतला प्रत्येक जण आपापलं काम नीटच करत असतो. दोष रांगेच्या रचनेत आहे. म्हणूनच गेल्या काही वर्षांत जगभरातल्या इमर्जन्सी डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला : या पेशंटला थिएटरच्या रांगेत उभं करायची गरजच काय?

थिएटरला बायपास

सांधा बसवायला दोन गोष्टी लागतात. वेदना जाणवू नये आणि आखडलेले स्नायू सैल व्हावेत. त्यासाठी दर वेळी थिएटर आणि पूर्ण भूल लागतेच असं नाही. कॅज्युअल्टीतच थोड्या वेळाची गुंगी, म्हणजे ‘सिडेशन’, देऊन हे काम होतं. ब्रिटनमधल्या अनेक हॉस्पिटलांत बदललेला खुबा असाच इमर्जन्सी विभागात बसवतात. तिथे अॅम्ब्युलन्सवालेच नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजनचं मिश्रण हुंगायला देतात, म्हणजे वेदनेवरचा इलाज घरापासूनच सुरू. पोहोचल्यावर एक्स-रे, मग गुंगी, मग सांधा जागेवर, मग पुन्हा एक्स-रे. सगळं एकाच विभागात.

गुंगीसाठी वापरतात ती औषधं तशी जुनीच आहेत. प्रोपोफॉल हे पांढरं, दुधासारखं दिसणारं इंजेक्शन मिनिटाभरात झोपवतं आणि काही मिनिटांत उतरतं. केटामिन वेगळ्या पद्धतीने काम करतं. ते पेशंटला वेदनेपासून तोडतं, पण श्वास बहुधा चालू ठेवतं. जोडीला फेंटानिलसारखं वेदनाशामक. वयस्कर पेशंटला डोस कमी आणि हळूहळू.

ऐकायला सोपं वाटतं, पण ‘टोचलं इंजेक्शन, ओढला पाय’ असा हा प्रकार नाही. प्रोपोफॉलने श्वास मंदावू शकतो, बीपी धाडकन उतरू शकतं. म्हणून ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या आणि इमर्जन्सी डॉक्टरांच्या संस्थांनी २०१२ मध्ये एकत्र बसून नियम आखले. गुंगी देणारा आणि पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवणारा डॉक्टर वेगळा, सांधा बसवणारा वेगळा. ऑक्सिजन, ईसीजी, बीपी आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजणारं यंत्र चालू. गरज पडली तर श्वासनलिकेत नळी घालू शकणारा माणूस तिथेच हजर. थोडक्यात, थिएटरची खोली टाळायची, थिएटरची शिस्त नाही!

आणि ते ‘सहा तास उपाशी’? ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी तो नियम बरोबरच आहे. पण अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं, की इमर्जन्सी विभागात गुंगी देताना पेशंट कधी जेवला एवढ्याच कारणाने उशीर करू नये. म्हणजे जेवणाची वेळ विचारायची, धोका तोलायचा आणि मग डॉक्टरांनी ठरवायचं. घड्याळाचा काटा बघून डोळे झाकून थांबायचं नाही.

कॅप्टन मॉर्गन, हाजीर हो!

सांधा बसवतात तरी कसा? या कलेचा इतिहास रंजक आहे. अमेरिकेतल्या हेन्री बिगेलो यांनी १८६९ मध्ये निखळलेल्या खुब्यावर पुस्तक लिहिलं. फिलाडेल्फियाच्या ऑस्कर अॅलिस यांची पद्धत आजही वापरतात. पेशंट पाठीवर झोपलेला, मदतनीस कंबर दाबून धरतो, आणि डॉक्टर चक्क स्ट्रेचरवर चढून, पेशंटचा खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून मांडी वर खेचतात. हळूहळू, सतत, जराशी वळवत. मग एक ‘ठक्क’ आवाज येतो आणि आखूड झालेला पाय डोळ्यांदेखत लांब होतो!

पण स्ट्रेचरवर चढून उभं राहणं म्हणजे सर्कसच. त्यात डॉक्टरांचीच कंबर जायची. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इमर्जन्सी डॉक्टरांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. डॉक्टरने खालीच उभं राहायचं, एक पाय स्ट्रेचरवर ठेवायचा, आपला गुडघा पेशंटच्या गुडघ्याखाली सरकवायचा आणि टाच उचलून आपल्या पोटरीच्या ताकदीने मांडी वर ढकलायची. पोझ कशासारखी दिसते? एका प्रसिद्ध रमच्या बाटलीवर पिंपावर पाय ठेवून उभा असलेला कॅप्टन आठवा! युक्तीचं नावच पडलं ‘कॅप्टन मॉर्गन टेक्निक’. फ्रायडे नाईटला तुमच्या टेबलावर हा किस्सा हमखास चालेल.

पण एक लक्षात ठेवा, हे सगळं डॉक्टरांनीच करायचं. हाडवैद्याकडे नेऊन ओढाओढ करणं म्हणजे दांड्याभोवतीचं हाड मोडायला आमंत्रण.

शॉर्टकट सगळ्यांसाठी नाही

काही पेशंटांना थिएटरच योग्य. एक्स-रेमध्ये दांड्याभोवतीचं हाड मोडलेलं दिसलं किंवा वाटीच हललेली असली, तर ओढाओढ नकोच. हृदय-फुप्फुसांचे गंभीर आजार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास किंवा नळी घालायला अवघड गळा असेल, तर भूलतज्ज्ञ आणि थिएटर हीच सुरक्षित जागा. आणि कॅज्युअल्टीत एक-दोनदा नीट प्रयत्न करूनही बसला नाही, तर पुन:पुन्हा जोर लावत बसायचं नाही. पूर्ण भूल देऊन स्नायू पूर्ण सैल करून बसवायचा. तिथेही नाही जमलं तर मग ऑपरेशन. वेगवान उपचार याचा अर्थ प्रत्येकाला एकाच दारातून ढकलणं नव्हे. कुणाला कुठल्या दारातून न्यायचं, हे लवकर ठरवणं!

आपल्याकडे चित्र काय?

आपल्याकडे ‘इमर्जन्सी मेडिसिन’ या विषयाला वैद्यक परिषदेने स्वतंत्र मान्यता दिली तीच २००९ मध्ये. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत आज प्रशिक्षित इमर्जन्सी डॉक्टर दिसतात, पण गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये रात्री एकटे आरएमओ असतात. दोन्हींच्या पाटीवर ‘२४ तास इमर्जन्सी’ असंच लिहिलेलं! पाटी वाचून नाही, चौकशी करूनच फरक कळतो.

चांगल्या गोष्टीही आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरची अॅम्ब्युलन्स सेवा आहे, तीही मोफत. तातडीच्या पेशंटला आधी उपचार, मग कागदपत्रं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. आणि विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं, की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्या. फक्त एक बघून ठेवा : सांधा कॅज्युअल्टीत बसवून पेशंट २४ तासांच्या आत घरी आला, तर तुमची पॉलिसी ते बिल भरते का? काही घरांत पेशंटला ‘क्लेमसाठी’ एक रात्र जास्त ठेवलं जातं. हे कोडं आधीच सोडवलेलं बरं.

त्या क्षणी...

हे करा :
- पेशंट जिथे, जसा पडलाय, तसाच राहू द्या. दोन गुडघ्यांमध्ये आणि पायाच्या बाजूला उशा देऊन आधार द्या.
- १०८ ला किंवा जवळच्या अॅम्ब्युलन्सला फोन करा. ‘खुबा बदललेला आहे, सांधा निखळला असावा’ असं स्पष्ट सांगा.
- निघण्यापूर्वी हॉस्पिटलला फोन करून तीन प्रश्न विचारा. आत्ता एक्स-रे होईल? ऑर्थोपेडिक डॉक्टर किती वेळात येतील? कॅज्युअल्टीत सिडेशन देऊन सांधा बसवता का?
- सर्जनना कळवा.
- पोहोचताच वेदनाशामक मागा. एक्स-रे होईपर्यंत थांबायची गरज नाही.

हे टाळा :
- पाय ओढणं, सरळ करायचा प्रयत्न, तेल-मालिश, शेक.
- कारमध्ये किंवा रिक्षात कोंबणं. वाकलेला खुबा आणखी वाकवू नका.
- ‘घोटभर चहा घ्या, बरं वाटेल!’ काहीही खायला-प्यायला देऊ नका. शेवटचं कधी काय खाल्लं ती वेळ मात्र लिहून ठेवा.
- नेहमीच्या औषधांची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती द्यायला विसरणं.

आजच करून ठेवा

मोबाईलमध्ये एक फोल्डर बनवा. त्यात डिस्चार्ज समरी, ऑपरेशननंतरचा एक्स-रे, औषधांची यादी आणि फाईलमध्ये चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर्स यांचे फोटो. या स्टिकर्सवर कंपनी आणि गोळ्या-वाटीचा साईज असतो. पुढे काही भाग बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना सर्वात आधी तेच लागतं. फोल्डर भावंडांनाही पाठवा. तुम्ही बंगळुरूला आणि आई-बाबा डोंबिवलीत, अशी घरं आता कमी नाहीत.

दुसरं, किल्ली. दुपारी आई एकटी, दाराला आतून कडी, आणि ती बेडरूमच्या फरशीवर! लॅच असलेल्या दाराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा आणि पहिले तीन महिने आतली कडी लावू नका असं सांगा. मोबाईल गळ्यात किंवा खिशात. टेबलावर ठेवलेला मोबाईल फरशीवरून हाताला लागत नाही.

तिसरं, फर्निचर. कमोडवर उंची वाढवणारी सीट, हातांची उंच खुर्ची, लांब दांड्याचा शू-हॉर्न आणि वस्तू उचलायचा चिमटा. सगळं मिळून तुमच्या एका वीकेंडच्या खर्चात बसतं.

बसला... आता पुढे?

सांधा बसल्यावर पुन्हा एक्स-रे, पावलाची हालचाल तपासणं, गुंगी पूर्ण उतरेपर्यंत निरीक्षण. सगळं ठीक असेल तर पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालतो. काही डॉक्टर पट्टा देतात, काही देत नाहीत.

पण विषय इथे संपत नाही. एकदा निखळलेला सांधा बऱ्याच जणांत पुन्हा निखळतो. त्यामुळे ‘बसला ना, सुटलो’ असं म्हणून फॉलोअप टाळू नका. का निखळला, हे शोधायलाच हवं. चुकीची हालचाल झाली, स्नायू कमजोर आहेत, की वाटीचा कोनच चुकलाय? वारंवार होत असेल तर ‘ड्युअल मोबिलिटी’ वाटीचा पर्याय आहे. छोटा गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात आणि तो मोठा गोळा वाटीत फिरतो. फ्रान्समधल्या सेंट-एटिएन शहरात जिल बुस्के यांनी १९७०च्या दशकात काढलेली ही कल्पना आता जगभर वापरात आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस घाबरतो. चालायचं टाळतो, खाली उतरायचं टाळतो, ‘मी बरा आहे इथेच’ म्हणत खुर्चीला चिकटतो. स्नायू आणखी कमजोर होतात आणि धोका उलट वाढतो. त्यांना दटावू नका. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, पहिल्या फेरीला सोबत जा. रविवारी सकाळचा अर्धा तास. जिम नंतर!

पुढच्या फॉलोअपला सर्जनकडे गेलात, की बिल आणि गोळ्यांच्या गडबडीत एक प्रश्न नक्की विचारा : ‘डॉक्टर, रात्री दोन वाजता निखळला तर नेमकं कुठे जायचं, आणि कुणाला फोन करायचा?’ उत्तर नीट लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.